शेरीगाराचा ओठ

१

मुहूर्ताची वेळ झाली, भटजींनी हात वर करून 'वाजवा' अशी खूण केली, आणि शीना शेरीगाराच्या सॅक्सोफोनमधून जो आवाज निघाला तो ऐकून मांडवातलं एक तान्हं पोर भोकाड पसरून रडायला लागलं.

शेरीगार म्हणजे आमच्याकडचे पिढीजात वाजंत्री, आणि आमच्या कार्कळात लग्न म्हणजे शीना. त्याचा सॅक्सोफोन वाजल्याशिवाय नवऱ्यामुलाचे बाप अक्षतासुद्धा टाकत नाहीत. आणि तोच शीना आज सोन्याच्या रंगाचं ते वाद्य छातीशी धरून उभा होता, गाल फुगवत होता, आणि खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ ओघळून त्याच्या रेशमी झब्ब्यावर पडत होती. त्याला ती पडतेय हेही कळत नव्हतं.

"सकाळी सकाळी लावून आलाय वाटतं!" मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

शीना थेंबाला शिवत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी हसले मेले. मी पण ओठांतल्या ओठांत हसलोच, कशाला खोटं बोलू? माझ्या शेजारी बसलेली माझी बायको मात्र हसली नाही. ती उठली, पदर खोचला आणि तरातरा मांडवाच्या मागे गेली. डॉक्टर वसुधा किणी. तोंडाच्या, जबड्याच्या शस्त्रक्रिया करण्यात तिची हयात गेली. निवृत्त झाली म्हणतात, पण ते तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. मी पुंडलीक किणी, काजूच्या कारखान्यात मॅनेजर होतो. आता तिच्या मागोमाग फिरतो, तिची पर्स सांभाळतो.

मागे स्वयंपाकाच्या भांड्यांजवळ शीना भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याची बायको, गुलाबी नाव तिचं, टॉवेलानं त्याचा झब्बा पुसत होती.

"बघा डॉक्टरम्मा, काय अवतार झालाय! सकाळी चहानं ओठ भाजून घेतला आणि पत्ता नाही. मी म्हटलं, अहो, फोड आलाय! तर मला म्हणतो, कुठं?"

वसुधानं त्याला डोळे मिटायला लावले. हातरुमालाचं टोक पिळून बारीक केलं आणि उजव्या ओठावर टेकवलं.

"आलं का जाणवून?"

"आलं."

डाव्या ओठावर टेकवलं. मग हनुवटीवर.

"आलं?"

शीनानं बोटानं ओठ चाचपला. मग मान हलवली. "नाही. काल दाढेचं रूट कॅनाल केलं. वाटलं भूल उतरेल. सकाळपर्यंत उतरली नाही. ओठ मेलाय, डॉक्टरम्मा."

"कुणाकडे केलंस?"

शीनानं माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. "आमच्या धनींच्याच दवाखान्यात. दुसरीकडे कुठं जाणार?"

 त्याचे धनी म्हणजे गावच्या वतनदार घराण्यातले डॉक्टर भास्कर बल्लाळ. माझा शाळेपासूनचा दोस्त. दर रविवारी आमचा पत्त्यांचा डाव असतो.

"अहो, गाडी काढा," वसुधा म्हणाली.

"अगं पण जेवण..."

"ओठ मेलाय त्या माणसाचा! तुम्हाला पुरणाच्या होळग्यांचं पडलंय!"

२

गाडीत तिनं मला सगळं समजावलं. खालच्या दाढांच्या मुळांखालून हाडातून एक बारीक बोगदा जातो. त्यातून एक नस जाते, ती ओठाला आणि हनुवटीला जाण देते. रूट कॅनाल करताना मुळात भरलेली पेस्ट जोरानं दाबली गेली, की मुळाच्या टोकातून बाहेर पडून त्या बोगद्यात शिरू शकते. मग नस चेंगरते, नाहीतर भाजते.

"बरी होते का?"

"वेळेत कळलं तर. एक दिवस गेलाच आहे, उद्यापर्यंत काहीतरी करायला हवं." मग मागच्या सीटवर गुलाबीशेजारी बसलेल्या शीनाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "सॅक्सोफोनवाला खालचा ओठ दातांवर दुमडून त्यावर वाद्याची रीड, म्हणजे वेताची पट्टी, टेकवतो. त्याचं सगळं गाणं त्या ओठावर असतं. ओठ गेला की शीना गेला."

भास्कर दवाखान्यात पुढच्या खोलीतच बसला होता. वर्षापूर्वी त्यानं हत्यारं खाली ठेवली. हात थरथरायला लागला म्हणून नव्हे, 'आता पोरांना करू दे' म्हणून, असं तो सांगायचा. आम्ही टाऊन हॉलमध्ये शाल-फळं देऊन त्याचा सत्कारही केला होता. आता दवाखाना चालवायची डॉक्टर प्रतीक्षा अमीन. मच्छीमार जेट्टीवर बर्फ फोडणाऱ्या बापाची ही पोर, भास्करनं शिकवली, नोकरी दिली. अवघड दाढांसाठी उडुपीहून डॉक्टर इरशाद यायचे, आठवड्यातून एकदा. आणि मदतनीस लविना.

"अरे किण्या, लग्न सोडून इकडे कुठं?" भास्कर म्हणाला. मग त्यानं शीनाला बघितलं, आणि हातातला पेपर घडी करायला लागला. घडी काही केल्या नीट जमेना.

वसुधानं आल्या आल्या विचारलं, "शीनाची दाढ काल कुणी केली?"

"मी," प्रतीक्षा म्हणाली. अगदी पटकन.

"भरून झाल्यावरचा एक्स-रे दाखव."

प्रतीक्षानं कम्प्युटर उघडला. सुरुवातीचा एक्स-रे होता. दाढ किडलेली, मुळं नीट. शेवटचा नव्हता. कालच्या बाकीच्या सगळ्या पेशंटांचे होते, शीनाचाच तेवढा नव्हता. तिनं वर बघितलं, खाली बघितलं, माऊस इकडून तिकडे फिरवला.

"पुसला गेला असेल, मॅडम."

"आपोआप?"

 तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. लाज अशी नाकावर चढते, हे मला त्या दिवशी कळलं.

वसुधानं नवीन एक्स-रे काढायला लावला. पडद्यावर शीनाचा जबडा उमटला. दाढेची मुळं पांढरी भरलेली, आणि एका मुळाच्या टोकातून एक पांढरा ओघळ निघून सरळ त्या बोगद्यात उतरला होता. माझ्यासारख्या काजू मोजणाऱ्यालाही दिसला.

"काय भरलं होतंस?" वसुधानं विचारलं.

"नेहमीचंच, मॅडम. सिरिंजमधलं तयार येतं ते."

"वसुधा," भास्कर मागून म्हणाला, "पोरीला फार बोलू नकोस. चूक सगळ्यांकडून होते. गोळ्या सुरू करू, सूज उतरेल, ओठ येईल."

मला बरं वाटलं. माझा दोस्त, बघा, किती मोठ्या मनाचा! वसुधानं मात्र मला बाहेर व्हरांड्यात ओढलं.

"अहो, मोठा घोटाळा आहे. सिरिंजमधली पेस्ट असेल, तर ती तशी गरीब. गोळ्या देऊन वाट बघता येते, आणि उगाच हाड उघडलं तर माझ्याच हातून नस जायची. पण पूर्वी एक पावडर मिळायची, तेलात कालवून भरायची. तिच्यात फॉर्मालिन असतं, प्रेतं टिकवायला घालतात ना, तसलं. ती असेल तर ती तासातासाला नस खातेय. मग आजच्या आज हाड उघडून धुऊन काढायला हवं. एक्स-रेत दोन्ही पांढऱ्याच दिसतात."

"प्रतीक्षा सांगतेय ना सिरिंजची म्हणून."

"सांगतेय खरी," वसुधा म्हणाली. "पण मला ती एक्स-रे पुसण्यातली वाटत नाही."

३

बाहेरच्या बाकावर गुलाबी नवऱ्याची खरडपट्टी काढत होती. "काल रात्रीच सांगितलं असतं तर? नाही! हे बसले उशीत तोंड खुपसून! लाज वाटते म्हणे! आज भर मांडवात लाळ गळली तेव्हा कुठं गेली लाज?"

"गप गं," शीना म्हणाला. 'प' म्हणताना त्याचा ओठ एका बाजूनं तसाच लोंबत राहिला. त्यानं लगेच टॉवेल तोंडाला लावला. मी दुसरीकडे बघितलं. मांडवात हसलो होतो ते मला आता टोचत होतं.

वसुधा त्याच्या शेजारी बसली. "शीना, काल काय काय झालं सांग. पेस्ट भरताना काही वाटलं?"

"वीज लागली, डॉक्टरम्मा. ओठापासून हनुवटीपर्यंत. डोळ्यांपुढे काजवे चमकले."

"मग हात वर नाही केलास? दुखलं की हात वर करा, असं सांगतात ना!"

"नाही केला."

"का?"

"असंच." त्यानं टॉवेलाचं टोक चुरगाळलं. "वाटलं, होईल आत्ता."

"कोण करत होतं?"

"डोळ्यांवर कापड टाकलं होतं. मी काही बघितलं नाही."

"असा कसा माणूस! डोळे झाकले तर कान काय वाण्याकडे गहाण ठेवले होते?" गुलाबी म्हणाली. "दुसऱ्याचा सूर तसूभर हलला की ह्याला घरात बसून कळतं!"

शीनानं तिच्याकडे असं बघितलं, की ती एकदम गप्प झाली. गुलाबी गप्प झालेली मी जन्मात पहिल्यांदाच बघत होतो.

वसुधा हसून म्हणाली, "बरं, कान होते ना, मग सांग, पेस्ट भरण्याआधी काय ऐकलंस?"

"काचेवर काहीतरी घासल्याचा आवाज. चरक चरक, बराच वेळ. आणि लवंगेचा वास."

"आणि एक्स-रे कसा काढला? करून दाखव."

शीनानं तोंड उघडलं, उजव्या हाताची तर्जनी आत घातली आणि दाढेपाशी धरून बसला. लाळेचा ओघळ मनगटावरून कोपरापर्यंत आला. गुलाबीनं कपाळावर हात मारला. मलाही ते बघवलं नाही. वसुधा मात्र त्या बोटाकडेच टक लावून बघत राहिली.

लविना तेवढ्यात चहा घेऊन आली. तिला विचारलं तर म्हणाली, "मी नव्हते बाई काल दुपारी. बल्लाळ डॉक्टरांनी मला पोस्टात धाडलं. पोस्टात काय, एक पाकीट टाकायचं होतं. म्हटलं, येताना टाकते की! तर म्हणाले, आत्ताच जा."

"आणि डॉक्टर इरशाद?"

"ते जुम्याच्या नमाजाला गेले होते. शुक्रवार ना काल!"

वसुधानं इरशादना फोन लावला. मी देवाची प्रार्थना करत होतो की करणारा इरशाद निघू दे. त्यांच्याशी माझी ओळख नाही, रविवारी त्यांच्यासमोर पत्ते घेऊन बसायचं नाही. असला विचार मनात आला आणि माझी मलाच घाण वाटली. फोनवर इरशाद म्हणाले, "मी मशिदीतून परत आलो तेव्हा तो पेशंट निघून गेला होता. हात धुवायला गेलो, तर मागची अंधारी खोली आतून बंद होती. मला नवल वाटलं. ती खोली तर आता अडगळीची आहे."

"अंधारी खोली?" मी विचारलं.

वसुधानं फोन ठेवला. तिचा चेहरा उतरला होता.

"अहो," ती म्हणाली, "तो एक्स-रे कुणी पुसलेला नाही. कम्प्युटरमध्ये तो कधी आलाच नव्हता."

४

तिनं शीनाला खुर्चीवर झोपवलं. "डोळे मीट. कापूस लागला की 'आलं' म्हणायचं, नाही लागला तर 'नाही'. चाचणी आहे, लाजायचं नाही."

खोलीत ती, मी आणि प्रतीक्षा. कापसाची बारीक वात शीनाच्या चेहऱ्यावरून फिरत होती.

"आलं. आलं. नाही. नाही. आलं. नाही."

जिथं जाण संपत होती तिथं वसुधा पेनानं ठिपके देत होती. ठिपके जोडले तेव्हा ओठाच्या मध्यापासून हनुवटीच्या खालपर्यंत मोठा प्रदेश निघाला, नकाशात एखादा तालुका दाखवतात तसा. शीना अगदी खरं खरं सांगत होता. वसुधानं मधेच वात लांब धरून विचारलं, तर लगेच म्हणाला, "नाही."

प्रतीक्षा त्याच्या उशाशी उभी होती. त्याला ते माहीत होतं. तिच्याबद्दल त्याच्या मनात काही भीड नव्हती, रागही नव्हता.

"भास्कर!" वसुधानं हाक मारली. "जरा आत ये. तूही बघ."

भास्कर आला. जुन्या वळणाच्या माणसासारखा, दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"शीना, धनी आलेत," वसुधा म्हणाली. "परत एकदा करू. डोळे मीट."

शीना खुर्चीवरच जरा सावरून झोपला. लुंगीसारखा मुंडू गुडघ्यावर ओढून घेतला.

"इथं?"

"आलं."

"आणि इथं?"

"आलं, डॉक्टरम्मा."

"हनुवटीवर?"

"आलं की! बरं वाटतंय आता. गोळ्यांनी उतरेल."

माझा आनंद गगनात मावेना. मी भास्करकडे बघून हसलो. भास्कर हसत नव्हता. तो वसुधाच्या हाताकडे बघत होता. मग मीही बघितलं.

तिच्या हातात कापूस नव्हताच. तो केव्हाच ट्रेमध्ये ठेवून तिनं हात मांडीवर घेतले होते.

५

"शीना, तू बाहेर बस," वसुधा म्हणाली. तो गेल्यावर तिनं दार लोटलं.

"प्रतीक्षासमोर हा माणूस खरं बोलतो. भास्कर, तुझ्यासमोर खोटं बोलतो. मेलेला ओठ जिवंत आहे म्हणून सांगतो. का?"

"मला काय ठाऊक?" भास्कर म्हणाला. "आमच्या घरचा जुना माणूस. मान ठेवतो."

"बरोबर. तुमच्या वाड्यात, गुत्तूघरात, दरवर्षी भूतदैवताच्या उत्सवाचा नेम असतो, तेव्हा चार पिढ्या त्याच्याच घराण्यानं वाजवलंय. धनींपुढे तो 'नाही' म्हणत नाही. वीज लागली तरी हात वर केला नाही. प्रतीक्षा करत असती, तर केला असता."

"वसुधा, काहीही काय बोलतेस!" मी मधे तोंड घातलं. माझाच आवाज चढला. "भास्करनं वर्षापूर्वी काम सोडलंय! आपण शाल दिली त्याला!"

"तुम्ही जरा थांबा हो. प्रतीक्षा, तू एक्स-रे कसा काढतेस?"

प्रतीक्षा पुटपुटली, "कम्प्युटरची ती चपटी पट्टी... होल्डरमध्ये अडकवून."

"पेशंटनं बोटानं धरायची असते का?"

"नाही."

"शीनानं बोटानं धरून दाखवलं. तसं धरायची जुनी फिल्म. तिला कम्प्युटर लागत नाही, अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यातून धुवावी लागते. म्हणून काल ती अडगळीची खोली आतून बंद होती. आणि काचेवर चरक चरक काय वाजलं? सिरिंजमधल्या पेस्टला कालवावं लागत नाही. पावडर आणि लवंगेचं तेल काचेच्या पाटीवर पात्यानं कालवतात. ह्या दवाखान्यात तसं कालवणारा आणि फिल्म धुणारा एकच माणूस राहिलाय." ती भास्करकडे वळली. "भास्कर, मला गुन्हेगार नकोय. मला फक्त सांग, ती कुठली पावडर होती? माझ्याकडे आजचा दिवस आहे. चुकून उघडलं तरी ओठ जाईल, चुकून नाही उघडलं तरी जाईल."

 मला वाटलं, आता भास्कर चिडेल, आम्हाला हाकलून देईल. मनातल्या मनात मी म्हणत होतो, चीड रे, चीड, म्हणजे तू नाहीस असं होईल.

"सर, मीच केलं," प्रतीक्षा रडत म्हणाली. "मॅडम, सरांनी काही नाही... मीच..."

"गप्प बस, पोरी," भास्कर म्हणाला. आणि शर्टच्या खिशात हात घालून त्यानं एक छोटी काळी फिल्म बाहेर काढली. ती कालपासून त्याच्याजवळच होती. "मी हिला खोटं बोलायला सांगितलं नाही, वसुधा. पण ती बोलली तेव्हा मी थांबवलंही नाही. ते जास्त वाईट."

त्यानं कपाट उघडलं. मागच्या कप्प्यातून तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. त्याचा हात इतका हलत होता, की बाटली काचेवर खडखड वाजली.

वसुधानं बाटलीवरचं वाचलं आणि डोळे मिटले. "तीच आहे."

"शीना म्हणाला, धनी, तुमचाच हात लागू दे," भास्कर खाली बघत बोलत होता. "माझ्या लग्नात त्याच्या बापानं वाजवलं, माझ्या मुलीच्या लग्नात ह्यानं. त्याला कसं सांगू, की माझा हात आता माझा राहिला नाही? वर्षभर कुणालाच सांगितलं नाही. पुंडलीकालासुद्धा नाही. वाटलं, ही एक दाढ करू. मशीन मला जमत नाही, म्हणून जुनं औषध घेतलं. फिल्म धुतली आणि तो ओघळ दिसला."

"काल दिसला?"

"काल दिसला."

"काल फोन केला असतास तर काल धुतलं असतं, भास्कर."

भास्करनं तोंड फिरवलं. माझ्या दोस्ताचे खांदे हलत होते, आणि मी, पन्नास वर्षं त्याच्या पाठीवर थाप मारणारा मी, हात पुढे करू शकलो नाही. रविवारी पत्ते पिसायला तो नेहमी मलाच देतो. आता मला त्याचं कारण कळलं.

वसुधानं मंगळुरात तिच्या जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला आणि दुपारीच शीनाला गाडीत घालून आम्ही निघालो. गाडी सुरू करताना भास्कर खिडकीशी आला. शीना आत बसल्या बसल्या उठू बघत होता.

"बस रे," भास्कर म्हणाला. "मी केलं ते. मी सगळ्यांना सांगितलं."

"असू दे धनी," शीना म्हणाला. "होतं कधीकधी."

भास्करला थोबाडीत खाल्ल्यासारखं झालं. शीनानं शिवी दिली असती तर बरं, असं त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

६

हाड उघडलं, बोगदा धुतला. नस जागेवर होती, पण भाजलेली. आता वाट बघायची. गोळ्या, इंजेक्शनं, आणि दर महिन्याला कापूस फिरवून नकाशा काढायचा. मेलेला प्रदेश आत आत सरकला, तर नस जागी होतेय. नाही सरकला, तर नाही.

"नकाशा भास्कर काढेल," वसुधानं फर्मान सोडलं. "शीनाच्या घरी जाऊन."

भास्कर जायचा. आजवर शेरीगारांच्या अंगणात बल्लाळांचा पाय लागला नव्हता. पहिल्या दिवशी गुलाबीनं पाणीसुद्धा विचारलं नाही. दारात उभी राहून म्हणाली, "धनी, वाजवणं गेलं तर हे दिवसभर माझ्या डोक्यावर बसतील, तेवढं लक्षात ठेवा." भास्कर 'हो' म्हणाला.

नकाशे मात्र झकास येत होते. महिन्या-महिन्याला प्रदेश लहान होत गेला. भास्कर ते वेड्यावाकड्या रेघांनी कागदावर उतरवून मला दाखवायला आणायचा, जणू नातवाचं प्रगतिपुस्तक. गुत्तूघरचा नेम जवळ आला होता. शीना वाजवणार म्हणून सगळीकडे बोलबाला झाला. एक दिवस मी त्याच्या घरावरून जात होतो, तर आतून सॅक्सोफोन ऐकू आला. तोच आवाज, लग्नातला, पोराला रडवणारा. मी घरी येऊन वसुधाला सांगितलं.

ती कपाळाला आठी घालून बसली. "नकाशात ओठ आला आणि वाद्यात आला नाही? असं होत नाही."

पुढच्या वेळी आम्ही दोघंही भास्करबरोबर गेलो. शीना ओसरीवर चटईवर डोळे मिटून बसला. भास्करनं कापसाची वात घेतली. वसुधानं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. भास्करचा चेहरा पडला. त्यानं हात पुढे केला आणि वीतभर अंतरावरच थांबवला.

"आलं का, शीना?"

"आलं, धनी."

"आणि इथं?"

"इथं पण. स्वच्छ आलं."

भास्करनं वात खाली ठेवली.  ते सगळे झकास नकाशे त्याच्या मांडीवर पडले होते. त्यांतला एकही ओठाचा नव्हता, ते सगळे शीनाच्या भिडेचे होते.

"शीना," तो म्हणाला, "मी हात लावलाच नाही."

शीनानं डोळे उघडले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दोघं समोरासमोर बसले होते, आणि कोण जास्त शरमला होता हे सांगणं कठीण होतं.

"तुम्ही इतक्या लांबून येता, धनी. उन्हातान्हाचे. नाही कसं म्हणायचं? तुमचा चेहरा बघवत नाही."

"अरे, त्या दिवशी खुर्चीवर एकदा 'नाही' म्हणाला असतास, तर..." भास्करचा आवाज फाटला. "नाही, नाही. दोष तुझा नाही. पण आता माझ्यावर दया करू नकोस. तुझ्या दयेनं माझी झोप गेलीय, आणि तुझा ओठ जायची वेळ आलीय. खरं कळलं नाही तर औषध कशाचं द्यायचं? परत करू. मीट डोळे."

शीनानं डोळे मिटले. भास्करनं वात ओठाच्या मधोमध टेकवली.

"आलं?"

 दारात गुलाबी श्वास रोखून उभी होती.

"नाही," तो म्हणाला. अगदी बारीक आवाजात. "नाही आलं, धनी."

"इथं?"

"नाही."

"हनुवटीवर?"

"नाही."

प्रत्येक 'नाही' भास्कर मान खाली घालून ऐकत होता. मग वात ओठाच्या कोपऱ्याकडे गेली.

"आणि इथं?"

शीना थांबला. कपाळाला आठ्या पडल्या. "आलं असं नाही. पण... मुंग्या आल्यागत होतंय. टोचतंय जरा."

वसुधा ताडकन पुढे सरकली. "टोचतंय? खरंच टोचतंय?"

"खरंच, डॉक्टरम्मा. ह्या वेळी खरं."

"मग नस जागी होतेय!" ती म्हणाली. "ह्या नेमाला नाही जमायचं. पण पुढच्या नेमाची आशा धर. तिथं खूण कर, भास्कर, तिथं!"

गुलाबीनं पदर तोंडात कोंबला आणि आत पळाली. आतून पाण्याच्या तांब्याचा आवाज आला.

भास्करनं पेन उचललं. शीनाच्या हनुवटीजवळ नेलं. पेनाचं टोक कातडीवर थरथरत राहिलं, ठिपका पडायचा तिथं पडेना. आम्ही सगळे इकडेतिकडे बघायला लागलो, जसे गेले काही महिने बघत होतो.

शीनानं डोळे उघडले. त्यानं धनींचं मनगट हळूच धरलं. आणि त्या दिवशी खुर्चीवर जे ओठांत राहिलं होतं, ते आता म्हणाला, "धनी, तुमचा हात हलतोय. पेन डॉक्टरम्मांकडे द्या."

भास्करनं पेन दिलं.